बंद एअरबॅग पुन्हा कार्यक्षम करताना

पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा मागच्या आसनावरील पट्ट्यांची चर्चा घरोघरी झाली. परंतु त्याच महामार्गाने नित्य ये-जा करणाऱ्या वसई-विरारच्या कुटुंबांत चालकाशेजारच्या आसनासमोर दडलेल्या एअरबॅगची, आणि ती बंद ठेवणाऱ्या यंत्रणेची, चौकशी अद्याप क्वचितच होते. एम.एच. 48 क्रमांकाची जुनी मोटार घेताना दस्तऐवजांची जी खातरजमा आपण करतो, तीच या यंत्रणेचीही व्हावयास हवी.

टक्कर होताच वेगातील आकस्मिक घट संवेदक ओळखतो, नियंत्रक तत्क्षणी निर्णय करतो आणि रासायनिक ज्वलनातून निघालेला वायू नायलॉनची पिशवी सुमारे 30 सहस्रांश सेकंदांत फुगवतो. पट्टा बांधून योग्य अंतरावर बसलेल्या प्रौढास ही पिशवी तारते. मात्र तान्ह्या मुलाचे मागे तोंड केलेले आसन पुढे ठेवले, तर त्याची पाठ तिच्या अगदी निकट येते आणि फुगण्याचा सारा जोर बाळाच्या मस्तकाकडे जातो. 1990च्या दशकात अमेरिकेत अशी बालके दगावली. म्हणून 1998च्या जानेवारीपासून तेथे ठरावीक कारणांसाठी, सरकारी मंजुरीने, एअरबॅग बंद-चालू करणारी कळ बसवून घेण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे डिसेंबर 2024मध्ये वाशी येथे पुढच्या आसनावरील सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर प्राणास मुकला.

काही मोटारींत डावे दार उघडताच डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायची कळ दिसते. मर्सिडीजच्या काही जुन्या गाड्यांत आसनातील यंत्रच विशिष्ट बालआसनातील ट्रान्सपॉन्डर ओळखून एअरबॅग आपोआप रोखीत असे. मूल मोठे झाले, बालआसन माळ्यावर गेले, तरी किल्लीची कळ कोणी फिरवल्याखेरीज 'बंद'च राहते, आणि त्या आसनावर निर्धास्त बसलेली आजी संरक्षणास वंचित होते.

कळ फिरवणे सोपे. परंतु मागाहून बसवलेली कळ काढून मूळ जोडणी पूर्ववत करणे हे नाक्यावरच्या वायरमनचे काम नव्हे. टकरीत बॅटरी निकामी झाली तरी एअरबॅग उघडावी, या हेतूने नियंत्रकात कपॅसिटरच्या रूपाने विजेची राखीव तजवीज केलेली असते. सबब बॅटरी सोडवल्यावरही काही मिनिटे हा साठा टिकतो आणि पिवळ्या वेष्टनातील तारांना घाईने लावलेला हात दुखापत ओढवून घेऊ शकतो. कित्येकदा एअरबॅगच्या जागी तितक्याच रोधाचा रेझिस्टर जोडून इशाऱ्याचा दिवा विझवला जातो. ही निव्वळ फसवणूक होय, कारण नियंत्रकाला सारे सुस्थितीत भासते आणि प्रसंगी पिशवी मात्र उघडत नाही. म्हणून हे काम अधिकृत कार्यशाळेतच करवून घ्यावे आणि नियंत्रकातील दोषनोंदी तपासून त्याचा लेखी दाखला मागावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब अन्वये 14 वर्षांखालील मुलास पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न करता वाहन हाकल्यास 1,000 रुपये दंड आहे. मुलांची जागा मात्र दंडाच्या भयाने नव्हे, विज्ञानाच्या आधारे ठरावी. त्यांना मागेच बसवा. आणि पुढच्या आसनावर प्रौढ व्यक्ती बसण्यापूर्वी कळ 'चालू' आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.