डेअरडेव्हिल पुन्हा लिहिताना

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेली नवी गोष्ट. साहित्याच्या वर्गात हा शब्द निघाला की बरेच जण हसतात. पात्रं आयती मिळाली, मग त्यात लेखकाचं काय, असा त्या हसण्याचा अर्थ. पण आयतं पात्र हातात घेतलं की खरी पंचाईत सुरू होते. त्याच्यातलं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही? हे मला डेअरडेव्हिलमुळे नीट कळलं, म्हणून त्याचंच उदाहरण घेते.

स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी १९६४ मध्ये हा सुपरहिरो आणला. मॅट मर्डॉक लहानपणी अपघातात किरणोत्सर्गी पदार्थामुळे आंधळा होतो, पण त्याची बाकीची इंद्रियं विलक्षण तीव्र होतात. दिवसा तो न्यू यॉर्कमध्ये वकिली करतो आणि रात्री सैतानाची शिंगं लावून गुंडांना बदडतो.

आज तो कॅथलिक सुपरहिरो म्हणून ओळखला जातो. सुरुवातीच्या अंकांत मात्र त्याच्या श्रद्धेला फारसं स्थान नव्हतं. ती ठळक केली १९८० च्या दशकात फ्रँक मिलरने. डेव्हिड माझुकेलीच्या चित्रांसह १९८६ मध्ये आलेल्या ‘बॉर्न अगेन’ या कथेत सिस्टर मॅगी ही नन येते आणि ती मॅटची आई असल्याचं सूचित होतं. मिलरने मॅटचं आंधळेपण बदललं नाही, वकिलीही नाही. जो माणूस सैतानाचा वेश घालतो, तो देवासमोर कसा उभा राहत असेल, हे त्याने शोधलं. चांगला फॅन लेखक हेच करतो. फरक एवढाच की मिलर मार्वलसाठी लिहीत होता, म्हणून त्याने लिहिलेलं ‘कॅनन’ झालं.

कॅनन म्हणजे मूळ, अधिकृत कथा. हा शब्द मुळात चर्चचा. बायबलमधल्या मान्य ग्रंथांना कॅनन म्हणतात. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबलच्या चिकित्सक अभ्यासकांची गंमत करत शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. कथाविश्वासाठी हा शब्द तिथून रूढ झाला असं मानतात. नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले, ही आणखी एक गंमत!

आता मुद्द्याचं. नेटफ्लिक्सवरच्या २०१५ च्या मालिकेत पहिल्याच भागात मॅट पापनिवेदनाला बसतो. आपल्याकडे कुमसार म्हणतात तेच. पण तो केलेल्या पापाची नाही, पुढे करणार असलेल्या पापाची क्षमा मागतो. असं चालत नाही, असं फादर सांगतात. आणि खरंच चालत नाही. पापनिवेदनात पश्चात्ताप हवा आणि पुन्हा तसं न करण्याचा निश्चयही हवा, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मॅटकडे तो निश्चय नाही, कारण आज रात्री तो परत बाहेर पडणार आहे. मग तो कुमसाराला येतोच का? सवय म्हणून? की जायला दुसरी जागाच नाही म्हणून?

कॅननने मोकळी सोडलेली अशी जागा हे फॅन फिक्शनचं खरं घर. मी लिहायला घेतलेली गोष्ट फादर लँटम यांच्या नजरेतून आहे. पापनिवेदनात ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत. रात्री सायरन वाजला की त्यांना कळतं आज कोण बाहेर आहे, पण करता काहीच येत नाही. या गोष्टीत नवी शक्ती नाही, मारामारी नाही. फक्त ऐकणारा माणूस पुढे आणलाय.

याउलट, मॅटला कसलीच टोचणी नाही आणि तो मजेत लोकांना झोडपतोय असं लिहिलं, तर तो मॅट उरत नाही. त्याचा राग काढून टाकून त्याला संत केलं, तरी तेच. राग आणि श्रद्धा यांतलं एकही त्याला सोडवत नाही, ही त्याची गाठ. ती शाबूत ठेवून त्याला दुसऱ्या काळात न्या, मुलगी करा, म्हातारा करा. वाचक त्याला ओळखेल.

कॉलेजात हसणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. स्वतःचं पात्र अडलं तर आपण ते सोयीने वाकवतो. दुसऱ्याचं पात्र तसं वाकत नाही, त्याचं ऐकून घ्यावं लागतं. कुणाला लिहून बघायचं असेल, तर आवडत्या हिरोबद्दल आधी दोन ओळी लिहा: याच्यातलं काय काढलं तर हा हा राहणार नाही, आणि मूळ कथेने कुठला प्रश्न अर्धवट सोडलाय? दुसऱ्या ओळीचं उत्तर लिहिताना पहिली ओळ समोर ठेवा. लिहून झालं की मंडळाच्या बैठकीत वाचायला आणा.