बँकेतलं ‘ऑप्ट आउट’ म्हणजे काय? गप्प बसलात तर होकारच धरतात!

खरीप आला की पीककर्ज घेतलेल्यांच्या कानावर बँकेत एक शब्द पडतो, ‘ऑप्ट आउट’. ‘विम्यातून ऑप्ट आउट करायचंय का?’ असं विचारलं की बरेच जण अर्थ न विचारताच मान हलवतात. पण खात्यातून हप्ता कटणार का आणि पीक गेलं तर भरपाई मिळणार का, हे या दोन शब्दांवर ठरतं.

‘ऑप्ट’ म्हणजे निवडणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. आपल्याला आधीच आत धरलेलं असताना ‘मला यात राहायचं नाही’ असं सांगून बाहेर पडणं, म्हणजे ऑप्ट आउट. याच्या उलट ‘ऑप्ट इन’, म्हणजे आपणहून आत येणं. खरा फरक गप्प बसण्यात आहे. ऑप्ट इनमध्ये गप्प बसलात तर तुम्ही बाहेरच राहता. ऑप्ट आउटमध्ये गप्प बसलात तर आतच राहता.

प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदार शेतकऱ्यांना आधी सक्तीची होती. खरीप २०२० पासून ती ऐच्छिक झाली. बिगर कर्जदाराला स्वतः जाऊन अर्ज भरावा लागतो. कर्जदाराचा हप्ता मात्र बँकच कापते. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेत लेखी द्यावं लागतं. म्हणजे मुदत ३१ जुलै असेल तर २४ जुलैपर्यंत. तोंडी सांगणं धरत नाहीत.

राज्यात एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झालाय. आता शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के आहे. विमा रक्कम ५० हजार धरली तर खरिपाचे १ हजार रुपये होतात.

जीवन ज्योती विम्याचंही तसंच. एकदा संमती दिली की दरवर्षी ४३६ रुपये आपोआप कटतात. थांबवायचे असतील तर बँकेला सांगावं लागतं.

विमा ठेवायचा की सोडायचा, हे ज्यानं त्यानं आपलं रान आणि पाऊसपाणी बघून ठरवावं. फक्त ‘ऑप्ट आउट’च्या कागदावर सही केली की त्या हंगामात भरपाई मागता येत नाही, हे ध्यानात ठेवा. सहीआधी कागद वाचून घ्या आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नका.