अमेरिका साडेसहा तासांत?

सोलापुरात नव्या पेठेत माझं विमान तिकिटांचं दुकान आहे. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या एका मावशींनी तिकीट निरखून विचारलं, "मुंबईतनं रात्री १ ला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? वंदे भारतला मुंबई गाठायला तेवढेच तास लागतात की ओ!" मावशींची वजाबाकी बरोबर होती, पण घड्याळं दोन होती. तिकिटावर ज्या-त्या गावाची स्थानिक वेळ छापतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा. साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले १६ तास.

आता १६ च का? मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, जेट विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं. चौदा तासांत पोचायला हवं. इथं मी पृथ्वीचा गोल पुढं ओढतो आणि चादरीच्या सुताचा धागा दोन्ही शहरांवर ताणून धरतो. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत जाते. गोलावरचा धागा मात्र अफगाणिस्तान, रशियावरून थेट आइसलंडकडं सरकतो. सगळ्यात जवळची वाट तीच.

विमानाला ती वाट जशीच्या तशी मिळत नाही. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. म्हणून येतानाचा प्रवास दीड-दोन तासांनी कमी भरतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीवरचं ताटकळणं त्यातच आलं.

आपली खरी अडचण मुंबई गाठण्याची. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तेव्हा कुठं होटगी रोडच्या विमानतळाची वाट मोकळी झाली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. रेल्वेनं मुंबई ४५५ किलोमीटर, हवेतून सरळ साधारण ३६०, उड्डाण तासाभराचं. तरी माझी बरीच गिऱ्हाइकं अजून हैदराबादच धरतात. रस्ता तीनशेच्या आसपास, गाडी दारातून निघते, बॅगा हव्या तेवढ्या. मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही.

मुंबईमार्गे जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत तर सोलापूरचं विमान उशिरा आल्यावर पुढचं विमान थांबत नाही आणि पैसेही बुडतात. तसं करायचंच असेल, तर मुंबईत निदान सहा तास हाताशी ठेवा.