परक्या मैदानावरची रोजी

पालक सभेत अभ्यासाचं बोलून झालं की एखादे वालिद हळूच मुद्द्यावर येतात. "सर, पोरगं दिवसभर बॅट घेऊन फिरतं. खेळात काही रोजी आहे का, की नुसता वेळ जातो?" प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही. आपल्या मुलांना खेळाडूंची दोनच टोकं दिसतात. एक टीव्हीवरच्या जाहिरातीतला तारा आणि दुसरं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळपर्यंत खेळणारी पोरं. या दोन टोकांच्या मधे एक फार मोठी जमात आहे, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ही माणसं एका हंगामाचा करार करतात, बॅग उचलतात, परक्या गावी किंवा परक्या मुलखात जाऊन खेळतात. हंगाम संपला की नवा करार, नवं गाव. सुतार, गवंडी, वेल्डर जसे हातातलं कसब घेऊन आखाती देशात जातात, तसेच हे खेळाडू. त्यांचं कसब तेवढं चेंडूशी जोडलेलं असतं.

बास्केटबॉलमध्ये असे खेळाडू जगभर आहेत. बहुतेक देशांच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरवून दिलेली असते. जागा मोजक्या, म्हणून अपेक्षा मोठी. परक्या खेळाडूला पैसे द्यायचे ते त्याने सामना जिंकून द्यावा म्हणून. अमेरिकेचे महमूद अब्दुल-रऊफ हे त्यातलं ठळक नाव. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, खेळ मांडणारा खेळाडू. त्या जागेवर ते खेळत. १९९० मध्ये डेन्व्हर नगेट्सने त्यांना निवडलं, १९९१ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. १९९६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहण्यावरून मोठा वाद झाला. पुढे अमेरिकेतली दारं बंद होत गेली आणि पोटासाठी आणि खेळासाठी ते तुर्कस्तान, रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया आणि जपान एवढ्या देशांत खेळले. चाळिशी गाठली तेव्हाही ते जपानमधल्या क्योटोच्या संघात होते. आपल्याकडचे विशेष भृगुवंशी हेही गार्डच. वाराणसीचा हा खेळाडू ओएनजीसीच्या नोकरीत राहून भारतासाठी खेळला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संघाने त्यांच्याशी करार केला.

पण आपल्या वऱ्हाडातल्या वाचकाला ही गोष्ट समजून घ्यायला जपान-ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. परक्या मैदानावर रोजी कमावणारा असा एक मुसाफिर काही वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भात येऊन खेळला. त्यांचं नाव वसीम जाफर.

करार आणि शब्द

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी थोडं मागे जाऊ या, कारण ही पगारी खेळाडूंची वाट क्रिकेटमध्ये फार जुनी आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे लँकेशायर नावाचा परगणा. तिथल्या कापड गिरण्यांच्या छोट्या गावांमध्ये शनिवार-रविवारचं क्लब क्रिकेट चाले. प्रत्येक क्लबात बाकीचे गावातले कामगार, कारकून, दुकानदार आणि त्यांच्यात एकच पगारी खेळाडू, त्याला 'प्रोफेशनल' म्हणत. त्याने धावा काढायच्या, विकेट घ्यायच्या आणि आठवड्यात पोरांना शिकवायचंही. त्याने अर्धशतक केलं की प्रेक्षकांत पेटी फिरे आणि जमलेली नाणी त्याच्या हातात पडत. सांगलीत जन्मलेले विजय हजारे, आपले सुभाष गुप्ते, विनू मांकड, लाला अमरनाथ हे सारे या गिरणगावांतून पगारी खेळले.

१९५२ ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. भारतीय संघ इंग्लंडला जायचा होता. दौऱ्यात घेणार की नाही, एवढं आधी सांगा, असं मांकडांनी मंडळाला विचारलं. मंडळाने हमी दिली नाही, म्हणून त्यांनी हॅसलिंग्डन क्लबाशी करार केला. पहिल्या कसोटीत भारताची दैना उडाली, तेव्हा मंडळाला मांकड आठवले. क्लबाने त्यांना मोकळं केलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, एका डावात ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. सामना भारत हरला, पण ती कसोटी आजही मांकडांच्या नावाने ओळखली जाते. यात ध्यानात ठेवण्यासारखं हे की मंडळाच्या गरजेच्या वेळीही आधी क्लबाची परवानगी घ्यावी लागली. एकदा शब्द दिला की तो कागद झाला, आणि कागद दोन्ही बाजूंना बांधतो.

बसचालकाचा मुलगा

वसीम जाफर यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९७८ चा, मुंबईचा. वडील बसचालक होते. घरात पैसा बेताचा, पण थोरल्या भावाने धाकट्यातला गुण ओळखला आणि त्याच्या मागे उभा राहिला. अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्यांनी शालेय स्पर्धेत नाबाद ४०० धावा काढल्या. १९९६-९७ मध्ये मुंबईकडून रणजीत उतरले आणि दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ केल्या. कसोटीत ३१ सामने, १९४४ धावा, त्यात दोन द्विशतकं: एक २००६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध अँटिग्वाला, दुसरं २००७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कोलकात्याला.

शेवटची कसोटी एप्रिल २००८ ची. तेव्हा वय होतं तीस. इथे बहुतेकांची कहाणी संपते. कुणी समालोचनाला जातं, कुणी खेळच सोडून देतं. जाफर मात्र पुढे आणखी बारा वर्षं खेळत राहिले. मुंबईचं नेतृत्व करून २००८-०९ आणि २००९-१० असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिले. इंग्लंडमध्ये जाऊन क्लब क्रिकेट खेळले. बर्मिंगहॅम परिसरातल्या लीगमधल्या हिमली क्लबात त्यांच्या धावा आजही आठवल्या जातात. तिथे ना टीव्ही, ना लाखोंचा जमाव. शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले गावकरी आणि त्यांच्यासमोर फलंदाजी करणारा कसोटीपटू. ज्याला आपल्या कामाची लाज वाटत नाही, तोच असं खेळू शकतो.

विदर्भाचा पाहुणा

२०१५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली आणि विदर्भाकडे आले. ही पद्धतही समजून घ्यायला हवी. रणजी स्पर्धेत राज्य संघटनेला बाहेरचे तीनपर्यंत व्यावसायिक खेळाडू घेता येतात. खेळाडूला आपल्या मूळ संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मग नव्या संघटनेशी करार होतो. विदर्भाने याच वाटेने तमिळनाडूचे बद्रीनाथ आणि कर्नाटकचे गणेश सतीश यांना आणलं होतं.

विदर्भ रणजीत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ मध्ये. तेव्हापासून साठ वर्षं करंडक एकदाही आला नव्हता. मोठ्या संघांनी येऊन हरवून जायचं, असाच आपला क्रम. अशा संघात चाळिशीकडे झुकलेला माणूस येतो तेव्हा लोक म्हणणारच की, उतारवयात पेन्शन काढायला आला. २०१६-१७ चा हंगाम तर दुखापतीत गेला. ते खेळूच शकले नाहीत.

आता ऐका ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. पुढच्या हंगामात, म्हणजे २०१७-१८ मध्ये, जाफर विदर्भाकडून व्यावसायिक मानधन न घेता खेळले. आधीच्या हंगामात आपण संघाच्या उपयोगी पडलो नाही, हे त्यांनी मनाशी ठेवलं आणि त्याची भरपाई खेळून केली. कागदावर तसं कुणी लिहून घेतलं नव्हतं. मुलखापासून दूर, जिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही, तिथे माणसाची ओळख त्याच्या व्यवहारावरून होते. आपण मुलांना हलाल रोजीचा धडा देतो तेव्हा बहुतेक वेळा 'हराम टाळा' एवढंच सांगतो. ज्याची मजुरी घ्यायची त्याचं काम पुरं उतरलं का, हा हिशेब स्वतःशी मांडणं हाही त्याच धड्याचा भाग आहे.

त्या हंगामाचं फळ सगळ्यांनी पाहिलं. उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरवलं. अंतिम सामना इंदूरला, समोर दिल्ली. कर्णधार नागपूरचे फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं, जाफरनी पहिल्या डावात ७८ केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विजयासाठी फक्त २९ धावा हव्या होत्या. शेवटचा चौकार जाफर यांच्या बॅटीतून निघाला. साठ वर्षांची वाट संपली, आणि ती संपवताना खेळपट्टीवर उभा होता तो पाहुणा.

दोन महिन्यांनी नागपूरला इराणी करंडकाचा सामना झाला. समोर उरलेल्या भारतातले निवडक खेळाडू. चाळीस वर्षं पूर्ण केलेल्या जाफरनी एकट्याने २८६ धावा केल्या, विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला. पुढच्या हंगामात पुन्हा १०३७ धावा, उत्तराखंडविरुद्ध २०६ ची खेळी, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून विदर्भाचा लागोपाठ दुसरा करंडक. मुंबईसोबत आठ आणि विदर्भासोबत दोन, असे दहा रणजी विजय त्यांच्या खात्यात जमले. रणजीत १२,००० धावा करणारे ते पहिले आणि १५० सामने खेळणारेही पहिले. मार्च २०२० मध्ये त्यांनी बॅट खाली ठेवली.

पाहुण्याने काय ठेवून जावं

जो संघ पैसे देऊन बाहेरचा खेळाडू आणतो, त्याच्यासमोर एक धोका असतो. पाहुण्याने धावा काढाव्यात आणि घरच्या पोरांनी टाळ्या वाजवाव्यात, असं होऊन बसतं. करार संपला की पाहुणा जातो आणि मागे काहीच उरत नाही. विदर्भात तसं झालं नाही. त्या दोन्ही करंडकांच्या अंतिम सामन्यात गुरबानी, वाडकर, आदित्य सरवटे ही विदर्भाकडून घडलेली पोरं चमकली. सरवटेने २०१९ च्या अंतिम सामन्यात एकूण ११ बळी घेतले. संघात एक माणूस रोज सकाळी वेळेवर येतो, चाळिशीतही नवख्यासारखा सराव करतो, बाद झाल्यावर आदळआपट करत नाही, हे वीस-बावीस वर्षांची मुलं पाहत असतात. आम्ही शिक्षक वर्गात तासभर बोलून जे शिकवू शकत नाही, ते अशा माणसाच्या शेजारी बसून शिकता येतं. निवृत्तीनंतरही जाफर यांनी शिकवण्याचंच काम धरलं. त्याआधी, २०१९ मध्येच, बांगलादेशच्या मंडळाने आपल्या अकादमीतल्या मुलांना फलंदाजी शिकवण्यासाठी त्यांना बोलावलं होतं. म्हणजे पुन्हा परका मुलूख, पुन्हा करार.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. खेळात रोजी आहे का? आहे, पण ती फार थोड्यांना मिळते आणि ज्यांना मिळते त्यांनाही हंगामागणिक नव्याने मिळवावी लागते. गुडघा दुखावला की वर्ष जातं. वय कुणासाठी थांबत नाही. म्हणून मुलगा असो वा मुलगी, खेळात गुण दिसत असेल तर खेळू द्या, मात्र दहावी-बारावी आणि पदवीची वाट मोडू देऊ नका. भृगुवंशींसारखे खेळाडू नोकरी सांभाळून देशासाठी खेळले, हे मुलांना मुद्दाम सांगा. कुणी बाहेर खेळायला बोलावलं तर आखाताला जाणाऱ्या भावाचा कागद आपण जसा तपासतो तसाच तपासा. करार कोणाशी आहे, एजंट मध्ये किती घेणार, दुखापत झाली तर पैसे मिळणार का, राहण्याचं-जेवणाचं कोण पाहणार, मूळ संघटनेचं ना-हरकत पत्र हातात आहे का. तोंडी आश्वासनावर मुलाला गाडीत बसवू नका.

आणि पोरगं जाईलच, तर त्याच्या बॅगेत बॅट-बुटांबरोबर एवढी शिकवण घाला: ज्या गावचं मीठ खाशील, त्या गावचा होऊन खेळ. पैसे घेतलेस तेवढं तरी काम कर, जमलं तर थोडं जास्त कर. निघताना तिथल्या एखाद्या पोराला आपल्याला येतं ते शिकवून ये. परक्या मैदानावर बरकत याच वाटेने येते.