अक्षर मोठे करा, वाचन सोडू नका

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. पुष्कळ ठिकाणी वाचनाचा मान वस्तीतील एखाद्या ज्येष्ठ उपासकाकडे किंवा उपासिकेकडे असतो. वर्षानुवर्षे तोच स्वच्छ, ठाम आवाज आपण ऐकत आलेलो असतो. मग एका वर्षी तीच व्यक्ती हळूच म्हणते, "या खेपेला दुसऱ्या कोणाला तरी द्या. माझा घसा बसलाय."

घसा बसलेला नसतो. डोळे साथ देत नसतात आणि ते चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटत असतो. अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांतही असे प्रसंग घडतात. "मला कॉम्प्युटरचा कंटाळा येतो" असे म्हणणाऱ्या मुलाला कंटाळा नसतो. त्याला पडद्यावरचे अक्षर नीट दिसत नसते. वाचन असे गाजावाजा न होता सुटते. ते सुटू नये म्हणून संगणकावरील अक्षर मोठे कसे करावे आणि किती मोठे करावे, याची माहिती येथे देत आहोत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि मंदावत चाललेल्या दृष्टीने ग्रासले होते. तशाही स्थितीत त्यांनी धम्मग्रंथाचे लेखन पूर्ण केले. त्यांच्या हस्तलिखितांचे टंकलेखन करण्याचे काम नानकचंद रत्तू यांच्याकडे होते. मूळ इंग्रजी ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्या समाजाला हा वारसा लाभला आहे, त्याने डोळे अधू झाले म्हणून ग्रंथ मिटून ठेवणे बरे नव्हे. शिवाय बाबासाहेबांच्या काळी नसलेले एक साधन आज आपल्या हाताशी आहे.

छापील आणि पडद्यावरील अक्षर

छापील पुस्तकातील अक्षराचा आकार छपाईच्या वेळीच ठरून जातो. तो वाचकाला बदलता येत नाही. भिंग धरावे किंवा पुस्तक डोळ्यांजवळ न्यावे, एवढेच त्याच्या हाती असते. संगणकाचे तसे नाही. संगणकात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा साठवलेली असते आणि पडद्यावर दाखवताना तो ते अक्षर हव्या त्या मापाने नव्याने रेखाटतो. म्हणून मोठे केलेले अक्षरही रेखीव राहते. अक्षर केवढे असावे हे येथे वाचक ठरवतो.

परंतु एखाद्या कागदाचा फोटो काढून तो संगणकात ठेवला, तर संगणकाच्या दृष्टीने ते अक्षर नसून ठिपक्यांचे चित्र असते. ते मोठे केले की ठिपके मोठे होतात आणि अक्षर पसरट व धूसर दिसते. मजकूर आणि मजकुराचा फोटो यांतील हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो अनेकदा उपयोगी पडणार आहे.

अक्षराचे माप 'पॉइंट'मध्ये सांगतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. त्या हिशोबाने १८ पॉइंट म्हणजे पाव इंच. मात्र या मापात वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते. त्यामुळे प्रत्यक्ष 'क' किंवा 'म' हे अक्षर त्याहून बरेच लहान असते. इंग्रजी मजकूर १२ पॉइंटला ज्यांना सहज वाचता येतो, त्यांनाही मराठी मजकूर एक-दोन पॉइंट मोठा लागतो, त्याचे कारण हेच. मराठी बारीक दिसते म्हणून आपले डोळे फारच बिघडले, असा समज करून घेऊ नये.

अक्षर मोठे कसे करावे

पहिला उपाय अगदी सोपा आहे. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स यांत एखादे पान उघडले असेल, तर की-बोर्डवरील कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि प्लसची कळ दाबावी. दर वेळी पानावरील मजकूर एकेक पायरीने मोठा होतो. कंट्रोल आणि मायनस दाबल्यास लहान होतो. कंट्रोल आणि शून्य दाबल्यास पान मूळ मापावर येते. म्हणजे यात बिघडण्यासारखे काही नाही, हे नवशिक्यांनी लक्षात घ्यावे. कंट्रोल दाबून माऊसचे चाक फिरवले तरी हेच काम होते. क्रोममध्ये अक्षर पाचशे टक्क्यांपर्यंत म्हणजे पाचपट वाढवता येते.

दुसरा उपाय संपूर्ण संगणकासाठी आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात टेक्स्ट साइझ निवडावे. तेथे एक सरकपट्टी दिसते. ती १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकवता येते. नमुन्याचे वाक्य शेजारी दिसते. ते नीट वाचता आले की अप्लाय दाबावे. विंडोज १० मध्ये हीच सोय ईज ऑफ ॲक्सेस या नावाखाली, डिस्प्ले या भागात आहे. दोन्हींत विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि यू हे अक्षर एकत्र दाबले की या सोयींचे पान उघडते. अक्षरांबरोबर चित्रे आणि बटणेही मोठी हवी असतील, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि स्केल या क्रमाने जाऊन १२५ किंवा १५० टक्के निवडावे.

येथे एक चूक वारंवार होते. अक्षर मोठे दिसावे म्हणून काही जण पडद्याचे रिझोल्यूशन कमी करतात. पडद्यातील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. रिझोल्यूशन कमी केले की चित्र त्या ठिपक्यांवर नेमके बसत नाही आणि सगळाच मजकूर धूसर होतो. अधू डोळ्यांना तर त्याचा अधिकच त्रास होतो. म्हणून रिझोल्यूशनला हात न लावता स्केल वाढवावे.

तिसरा उपाय म्हणजे भिंग. विंडोजची कळ आणि प्लस दाबले की मॅग्निफायर सुरू होतो आणि पडद्याचा भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा दिसतो. विंडोजची कळ आणि एस्केप दाबले की तो बंद होतो. एखादा आकडा, नकाशा किंवा सही पाहण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र संपूर्ण प्रकरण वाचायचे असेल, तर दर ओळीला भिंग इकडून तिकडे हलवावे लागते. त्यासाठी पहिले दोन उपाय बरे.

वर्डमध्ये लेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी झूम आणि फॉन्टचे माप यांतील फरक समजून घ्यावा. खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील झूमची पट्टी वाढवली, तर अक्षर केवळ आपल्या डोळ्यांसाठी मोठे होते. छापताना ते मूळ मापानेच छापले जाते. फॉन्टचे माप वाढवले, तर छापील कागदावरही अक्षर मोठे येते आणि पानांची संख्या वाढते. झूम वाढवल्यावर ओळी पडद्याबाहेर जात असतील, तर व्ह्यूमधील वेब लेआउट निवडावे. त्यात ओळ खिडकीच्या रुंदीत मोडून खाली येते.

पीडीएफची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड आज पीडीएफ स्वरूपात मिळतात. पीडीएफचे पान कागदाच्या पानासारखे बांधलेले असते. ते मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. अशा वेळी पान पडद्याच्या रुंदीएवढे करून, एका वेळी अर्धे पान वाचावे. मोबाइलवर वाचत असल्यास तो आडवा धरावा.

मोबाइलमध्येही सेटिंग्जमधील डिस्प्ले या भागात अक्षराचे माप वाढवण्याची सोय असते. आयफोनमध्ये ती डिस्प्ले अँड ब्राइटनेस या भागात टेक्स्ट साइझ या नावाने आहे.

किती मोठे करावे?

बहुतेकांचे येथेच चुकते. जेमतेम ओळखता आले की "दिसतंय, दिसतंय" म्हणून ते थांबतात. पण ओळखता येणारे अक्षर आणि वाचता येणारे अक्षर यांत अंतर आहे. जेमतेम ओळखता येणाऱ्या मापावर दहा ओळी वाचल्या की डोके जड होते, मान पुढे जाते, डोळ्यांतून पाणी येते. अस्खलित वाचनासाठी अक्षर त्या मापाच्या सुमारे दुप्पट असावे लागते.

ते ठरवण्याची रीत अशी. चष्मा लावून ताठ बसावे. पडदा हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर दूर ठेवावा. धन आणि घन, भात आणि मात, कर्म आणि क्रम अशा शब्दांच्या जोड्या पडद्यावर लिहाव्यात. अक्षर लहान करत जाऊन 'ध' आणि 'घ' यांतील फरक, डोक्यावरचा रफार आणि अनुस्वार कोणत्या मापापर्यंत ओळखू येतात ते पाहावे. त्या मापाच्या दुप्पट अक्षर ठेवून एक संपूर्ण पान मोठ्याने वाचावे. न अडखळता वाचता आले, तर ते आपले माप.

चष्म्याबद्दलही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चाळिशीनंतर मिळणारा वाचनाचा चष्मा साधारणतः ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी असतो. संगणकाचा पडदा त्याहून दूर असतो. म्हणून तोच चष्मा पडद्यासाठी कमी पडतो आणि नंबर चुकला असे वाटते. डोळे तपासायला जाताना आपल्या पडद्याचे अंतर मोजून न्यावे आणि ते डॉक्टरांना सांगावे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. अक्षर अवाजवी मोठे केले, तर एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. ओळ संपून नजर परत येईपर्यंत वाक्याचा अर्थ निसटतो. भगवान बुद्धांनी सांगितलेला मध्यम मार्ग येथेही उपयोगी आहे. डोळ्यांना ताण नाही आणि वाक्याचा धागाही तुटत नाही, असे माप धरावे. मोतीबिंदूमुळे पांढरा पडदा डोळ्यांवर येत असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे करून पाहावीत. काहींना त्याने चांगला आराम पडतो.

विद्यार्थ्यांसाठी

चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या पुढे जात नसेल, तर ती व्यक्ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अल्पदृष्टी गटात येऊ शकते. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरूनच दिसणे. अशा विद्यार्थ्याने वेळेत तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. संगणकावर होणाऱ्या काही भरती परीक्षांत प्रश्न मोठ्या अक्षरांत दाखवण्याची सोय असते, पण ती अर्जात मागावी लागते. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांच्या जाहिरातींत अशी सोय दिलेली आढळते. लेखनिक घेणाऱ्यास मात्र ती मिळत नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात शेवटपर्यंत वाचावी आणि घरच्या सरावातही मोठ्या अक्षरांची सवय ठेवावी. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

एक इशारा

अक्षर मोठे करणे हा उपचार नाही. अचानक धूसर दिसू लागणे, सरळ ओळ वाकडी दिसणे, कडेचे न दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे यांपैकी काहीही जाणवले, तर अक्षर वाढवून दिवस ढकलू नयेत. त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, दिसण्याची तक्रार नसली तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. खर्चाच्या भीतीने कोणी अंधारात बसू नये.

आपण सर्वांनी काय करावे?

विहाराच्या अभ्यासिकेत संगणक असेल, तर नियमित वाचकांसाठी वेगवेगळी खाती उघडून द्यावीत. म्हणजे एकाने ठेवलेले अक्षराचे माप दुसरा मोडणार नाही. कंट्रोल आणि प्लसची सूचना मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी चिकटवावी. सभेच्या सूचना मोबाइलवर पाठवताना केवळ कागदाचा फोटो न पाठवता मजकूरही टाइप करून पाठवावा, कारण फोटोतील अक्षर सेटिंग्ज बदलूनही मोठे होत नाही. फलकावरील कागदी सूचना १८ पॉइंटपेक्षा लहान नसावी.

तरुणांकडे एक विशेष विनंती आहे. घरातील आजी-आजोबांचा मोबाइल हातात घ्या आणि त्यांना शेजारी बसवून अक्षर मोठे करा. "तुम्हाला दिसत नाही का?" असे विचारू नका. "आजोबा, एवढं बरं वाटतंय की अजून थोडं मोठं करू?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस ओशाळतो, दुसऱ्याने तो वाचू लागतो.

आणि ज्या ज्येष्ठांनी घशाचे कारण सांगून वाचन सोडले आहे, त्यांनी येत्या वर्षावासात पुन्हा पुढे यावे. धम्मग्रंथाची आपल्या वाट्याची पाने कार्यकर्त्यांकडून आधी टाइप करून घ्यावीत, अक्षर आपल्याला हवे तेवढे करावे आणि वाचावे. ती पाने टाइप करताना तरुणांचेही वाचन होईल. विहारातील श्रोत्यांना अक्षराचे माप दिसत नाही. त्यांना तो ओळखीचा आवाज ऐकू येतो आणि त्याचीच ते वाट पाहत असतात.

जय भीम! नमो बुद्धाय!