उल्केंतला चुंबक आणि विजेची भट्टी

आकाशांतून पृथ्वीवर पडणाऱ्या कांहीं उल्कापाषाणांत लोखंड व निकेल यांचा एक विलक्षण मिश्रधातु सांपडतो. १९८० सालीं त्याला टेट्राटेनाइट हें नांव मिळालें. हेच दोन धातु तितक्याच प्रमाणांत घेऊन भट्टींत वितळविले, तर होणारा मिश्रधातु लोहचुंबकापाशीं नेतांच चुंबक बनतो, आणि दूर नेतांच तें चुंबकत्व बहुतेक विसरून जातो. उल्केंतला मात्र एकदां चुंबक झाला म्हणजे आपला हट्ट सहसा सोडीत नाहीं. घटक तेच, प्रमाणहि तेंच. मग गुणांत एवढा भेद कां?

ह्याचें उत्तर परमाणूंच्या बैठकींत आहे. भट्टींतल्या मिश्रधातूंत लोखंडाचे व निकेलचे परमाणु जत्रेंतल्या गर्दीप्रमाणें वाटेल तसे मिसळलेले असतात. उल्केंत त्यांच्या जणूं पंगती मांडलेल्या असतात : एक थर केवळ लोखंडाचा, त्यावर एक केवळ निकेलचा, पुन्हां लोखंडाचा. ह्या शिस्तीमुळें चुंबकत्वाला ठराविक दिशा लाभते व तींतून तें सहजासहजीं ढळत नाहीं. परंतु ही शिस्त सुमारें ३२० अंश सेंटिग्रेडच्या खालींच जमते, आणि तेवढ्या उष्णतेंत घन धातूंतील परमाणु अत्यंत मंद गतीनें जागा बदलतात. उल्केला घाई नव्हती. दहा लक्ष वर्षांत कांहीं थोडे अंश, अशाहि गतीनें कित्येक उल्का निवाल्या आहेत. मनुष्यापाशीं तेवढा वेळ कोठून असणार?

ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांना व मोठ्या पवनचक्क्यांना फार प्रबळ चुंबक लागतात. त्यासाठीं आज निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक वापरतात. पण निओडिमियम ज्या दुर्मिळ धातूंच्या वर्गांत मोडतें, त्यांचें शुद्धीकरण बहुतांशीं एकट्या चीन देशाच्या हातीं आहे. लोखंड व निकेल यांची तशी अडचण नाहीं. उल्केची युक्ति साधली, तर ही परतंत्रता बरीच कमी होईल.

ह्या खटपटींत मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण लागतात, आणि ते करण्याची एक उत्तम भट्टी म्हणजे प्लाझ्मा. वायु अतिशय तापला म्हणजे त्याच्या परमाणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात व त्यांतून वीज वाहूं लागते. ह्या अवस्थेस प्लाझ्मा हें नांव लँगम्यूर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं दिलें. पण किती उष्णतेस किती परमाणु असे फुटतात ह्याचें गणित आपल्या मेघनाद साहांनीं १९२० सालींच मांडलें होतें. आर्गन वायूच्या प्लाझ्माची ज्वाळा दहा हजार अंशांच्या घरांत जाते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजारांच्या आसपास आहे. अशा ज्वाळेंत सोडलेल्या धातूंच्या पुडीची क्षणांत वाफ होते, आणि पुढें थंड वायु भेटतांच त्या वाफेचे कण बनतात.

भट्टी चालविणाऱ्याची खरी परीक्षा येथेंच. पूड अधिक टाकली तर वाफ दाट होते व कण एकमेकांस चिकटून जाडे होतात. थंड वायूचा झोत जोरदार असला तर ते बारीक राहतात. विजेची शक्ति कमी पडली तर अर्धवट वितळलेले गोळेच हातीं येतात. ज्वाळेंत थोडा हायड्रोजन मिसळला तर पुडीस उष्णता लवकर पोंचते व कणांना गंजहि कमी चढतो. शिवाय दोन्ही धातूंची वाफ बरोबरच गोठली पाहिजे. लोखंड व निकेल जवळजवळ सारख्याच उष्णतेस उकळतात, म्हणून हें साधतें. लोखंडाबरोबर प्लॅटिनम घेतलें, तर प्लॅटिनम आधीं गोठूं पाहतें, आणि कणाकणाचें प्रमाण बिघडण्याचा धोका असतो. कण तयार झाल्यावरहि ते एकदम हवेंत आणले तर आपोआप पेट घेतात. त्यांना प्राणवायूची संवय थोडी थोडी लावावी लागते.

पण प्लाझ्माचा जो गुण तोच त्याचा दोष. साखरेचा पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे रेखीव खडे धरतात. भराभर घोटला तर बारीक रवा पडतो. प्लाझ्मांतील वाफ तर सेकंदास दहा हजार ते दहा लक्ष अंश अशा वेगानें निवते. कण हवे तसे बारीक मिळतात, परंतु परमाणूंना पंगतींत बसण्यास अवधि मिळत नाहीं.

फ्रान्समध्यें ग्रेनोबल येथें लुई नेएल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६२ सालीं न्यूट्रॉनांचा मारा करून परमाणूंना हलविलें आणि पंगती बसविल्या. तथापि तो उपाय कारखान्याचा नव्हे. जपानी संशोधकांनीं २०१७ सालीं निराळी वाट दाखविली. लोखंड-निकेलच्या सूक्ष्म कणांवर त्यांनीं अमोनिया वायु सोडला. त्यांतील नायट्रोजन आंत शिरतांना दोन्ही धातूंचे थर वेगळाले झाले. मग हायड्रोजनच्या साह्यानें तो काढून घेतला, तरी पंगती बऱ्याच अंशीं तशाच राहिल्या. पूर्ण शिस्तीस १ मानलें, तर त्यांची मजल ०.७१ पर्यंत गेली. वायु गाभ्यापर्यंत पोंचावयाचा तर कण सूक्ष्मच हवेत. म्हणजे विजेच्या भट्टीचें काम वायां जात नाहीं.

तात्पर्य, धातु कोणते व किती, एवढ्यानें चुंबक ठरत नाहीं. ते कसे निवाले, ह्यानेंहि ठरतो. जें उल्केला लक्षावधि वर्षांच्या सावकाशीनें मिळालें, तें मनुष्यास दोन टप्प्यांनीं मिळवावें लागत आहे : आधीं घाईनें कण करावयाचे, आणि मग धीरानें त्यांना शिस्त लावावयाची.