झडपेच्या आत झडप

गायीबैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली कृत्रिम झडप बहुधा दहा-पंधरा वर्षांत कडक होते, नाहीतर फाटून गळू लागते. पूर्वी त्यावर एकच इलाज होता, छाती पुन्हा उघडणं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय अनेकदा छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं. करवत चालवतानाच धोका. थकलेल्या रुग्णांना शस्त्रक्रिया नाकारली जाई.

आता कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, छाती न उघडता जुन्या झडपेतच नवी बसवता येते. कॅथेटरच्या झडपेची गोष्ट निघाली की फ्रान्समधल्या रुआँचे अलँ क्रिबिए आठवतात. 2002 साली त्यांनी महाधमनीची झडप अशी प्रथमच माणसात बसवली. पण त्याआधी, 2000 मध्ये पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी बारा वर्षांच्या मुलाला कॅथेटरने झडप बसवली होती, तीही शल्यविशारदांनी घातलेल्या आणि निकामी झालेल्या, झडप असलेल्या कृत्रिम नळीत. माझ्या मते या उपचाराचा खरा आरंभ तिथेच आहे.

2007 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी महाधमनीच्या जुन्या झडपेत नवी बसवल्याचं प्रसिद्ध केलं. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या जॉन वेब यांनी 24 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यात हृदयाच्या चारही जागांच्या झडपा होत्या. अमेरिकेत 2015 साली महाधमनीच्या झडपेसाठी परवानगी मिळाली.

अडचण मात्र मूळ झडपेच्या मापाची. वाटीत वाटी बसवली की आतली जागा कमी होते, तसंच इथे. 2014 साली डॅनी द्विर आणि सहकाऱ्यांनी हा उपचार घेतलेल्या 459 रुग्णांची नोंद तपासली. वर्षभरानंतर एकूण 83 टक्के हयात होते. पण मूळ झडप 21 मिलिमीटर किंवा त्याहून लहान असलेल्यांत 75 टक्के, 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असलेल्यांत 93. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेत निवडलेलं माप कित्येक वर्षांनी आडवं येतं. पुढे उच्च दाबाच्या फुग्याने जुन्या झडपेची कडी तडकवण्याची युक्ती निघाली. जुन्या झडपेची पाकळी बाजूला ढकलली जाऊन हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचं तोंड बुजू शकतं, म्हणून वीजप्रवाह सोडलेल्या तारेने ती चिरण्याचीही.

धातू-कार्बनच्या यांत्रिक झडपेत मात्र अशी नवी झडप बसवता येत नाही. आपल्याकडे संधिवाताच्या तापामुळे तरुणपणीच झडप बदलावी लागणारे पुष्कळ. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी शस्त्रक्रियेआधीच विचारावं, ही झडप बिघडली तर पुढे काय? आणि झडपेचं नाव व माप लिहिलेलं कार्ड जन्मभर जपून ठेवावं.